सेकंडहँड

दोंडाईच्यात, भटू पंक्चरवाल्याच्या घमेल्यात
ड्राय सूटची बाही बुडते.
मनगटापाशी बुडबुडे.
“आठे समुद्र कोठे शे रे भो?”
समुद्र नाही, बॅरेजची दारं. पौषात
सुलवाड्याच्या तळाशी दातांचा ताशा होतो.

विकणारा मुरूडचा तांडेल, गुडघे गेलेला.
तीस सांगितले, बावीसला सोडला.
चेनला मेण, गळ्याला पावडर, म्हणाला,
आणि खालून ओरडू नको,
वर ऐकू येत नाही.

अंगात चढवला. छातीला घट्ट,
गळा मात्र अजून त्याचाच, मला सैल;
बोटभर पाणी तिथून येणारच.

भटूनं ठिगळ ठोकलं, वीस रुपये.
मग मांडीचा खिसा उलटा केला:
चिमूटभर करडी वाळू.
जिभेवर ठेवली.
“शे,” म्हणाला, “आठेच शे.”