अन्यथासिद्ध

परळचं वॉर्ड ऑफिस, खिडकी सहा.
मृत्यूच्या कारणाला आमच्या फॉर्मवर तीन ओळी.
अ : तात्कालिक कारण.
आ : ते ज्यामुळे.
इ : आणि ते ज्यामुळे.
पुढे कागद संपतो.
चौथी ओळ मागायला एकोणीस वर्षांत कुणी आलं नव्हतं.

हर्डीकर सर आले,
बायकोचा दाखला छत्रीच्या मुठीसारखा गच्च धरून.
"हृदयक्रिया बंद पडून, म्हणजे काय हो?
मेली म्हणून मेली, एवढंच ना?
याला आमच्यात कारण म्हणत नाहीत."
म्हटलं, डॉक्टर लिहितात, मी उतरवते.
"मग खाली उतरवा : गोळ्या संपल्या होत्या.
त्याखाली : केमिस्ट साडेदहाला शटर ओढतो.
त्याखाली : मी दहा पस्तीसला चप्पल घातली.
फोनवर वाद चालला होता,
दही दुधात आधीपासून असतं की नाही यावर.
मी जिंकत होतो."

रांग गप्प.
शिपाई शेट्ये म्हणाला, "कावळा बसला नि फांदी तुटली, सर."
"फांदीला विचारलंस?"

त्यांना आठवत नव्हतं,
पण मी त्यांच्या वर्गात होते, एकच वर्ष.
मडक्याची कारणं सांगितली होती त्यांनी :
माती, चाक, दांडा, कुंभार.
आणि माती वाहणारं गाढव?
ते कारण नव्हे. ते नसतं
तर दुसऱ्या कुणी आणली असती.
वर्ग हसला होता.
मी धारावीची. कुंभारवाड्यात माती टेम्पोने यायची.
टेम्पो बाबा चालवायचे.

खिडकीच्या भोकातून म्हटलं,
"सर, तुम्ही त्या रात्री गाढव होतात."
शेट्येच्या हातातला पेपरवेट तसाच राहिला.
सर बराच वेळ माझ्याकडे बघत होते.
"बाक कितवा?"
"शेवटचा."
"आणि तुला पटलं होतं ते?"
"नाही. दुसऱ्या कुणी आणली असती, खरं.
पण आणली बाबांनी."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
दाखला तसाच सरकवला आत.
"पाच प्रती दे. तीनच ओळींच्या."

शिक्के मारले.
सुटे नव्हते त्यांच्याकडे. खिसे चाचपले, पिशवी उलटी केली.
रांगेतल्या दुसऱ्या कुणीतरी
काही न बोलता
काउंटरवर नाणी ठेवली.