एक्साइज

सीपीआरच्या ओपीडीत डॉक्टर म्हणाले,
"गाठ एक्साइज करावी लागेल."
आप्पा हसले. मानेवरची गाठही हलली.
"एकतीस वर्सं एक्साइजमध्येच काढली की, साहेब.
ड्यूटी किती बसंल तेवढं सांगा."
डॉक्टर तरुण. त्यांना काही कळलं नाही.

मी लक्ष्मीपुरीतल्या छापखान्यात प्रुफं तपासतो.
रात्री शब्दकोश काढला.
दिसायला एक, पण शब्द दोन आहेत,
एकाच स्पेलिंगच्या खोलीत भाड्यानं राहणारे,
एकमेकांचे कुणी नव्हेत.
एक कर घेतो, दारूवर, मळीवर.
दुसरा कापून काढतो,
कडेचं थोडं चांगलंही सोबत घेऊन.

दुसऱ्यापुढं पेन्सिलीनं मराठी लिहायला बसलो.
छाटणे. नको, ते फांदीचं.
खुडणे मेथीचं.
तोडणे उसानं कधीच नेलंय, कागल ते शिरोळ.
वगळणे माझ्या धंद्यातलं, त्यात रक्त येत नाही.
किडक्या वांग्याचं आई जे करायची
त्याला शब्दच नव्हता,
नुसतं विळीचं टोक.

सत्त्याऐंशी साली गडहिंग्लजकडं धाड पडली.
ओढ्याकाठी सात डबे रसायन, माणसं चार.
पंचनाम्यात नावं तीन.
चौथं आप्पांनी आधी लिहिलं,
मग दाढीच्या ब्लेडनं खरवडलं.
कागद तिथं इतका पातळ झाला
की उजेडाला धरला तर पलीकडचं दिसावं.
हौसाक्का. सातवा महिना होता तिला.
हे आईनं सांगितलं, ती जायच्या आदल्या वर्षी.
आप्पा अजून म्हणतात, तिघंच होते.

गुरुवारी गाठ काढली. पाच टाके.
सिस्टरनं बाटली दाखवली,
पाण्यासारख्या औषधात बुडालेलं
भिजल्या शेंगदाण्याएवढं काहीतरी.
आप्पा गुंगीतच होते, तरी विचारलं,
"सील केलंय न्हवं? पंच कोण?"
"लेबल लावलंय, आजोबा."

लेबलवर लिहिलं होतं: श्रीपती चौघुले.
आम्ही चौगुले.
हात सवयीनं खिशातल्या लाल पेनाकडं गेला,
टोपणही निघालं.

मग परत लावलं.
रिपोर्ट सोमवारी आहे.
वाईट आलाच
तर त्या चौघुल्यांच्या नावावर जाऊ दे.