क्रियापद येईपर्यंत

गुरुवारी साडेसहाला, हल शहरात,
स्प्रिंग बँक रस्त्यावरच्या लाँड्रीच्या माथ्यावर
एक खोली उघडते.
खाली कपडे वाळवायची यंत्रं गरगरतात,
त्यामुळे वरची फरशी कोमट.
बावीस खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती.
ती नव्या माणसाच्याच वाट्याला येते.
मला आली.

लेक लीड्सला शिकायला गेली
आणि निळ्या केसांच्या, बशीएवढ्या डोळ्यांच्या पोरी
कपाटभर माझ्या जिवावर टाकून गेली.
म्हटलं, बघू तरी
ही रात्र रात्र कुणाच्या नादी लागली होती.

शेजारी कॅलम. हुशार. डोक्याला ताप.
"किती मालिका पाहिल्यात?" हा त्याचा नमस्कार.
मग सालं, मग आवाज कुणाचा,
मग मूळ मासिकात हा प्रसंग कसा वेगळा होता.
एमएस्सीच्या तोंडी परीक्षेला
मला एवढा घाम फुटला नव्हता.
शिवाय बाराव्या भागात कोण मरतं
ते चौथ्यातच सांगायची कोण घाई!
पानावर मीठ वाढलंय तोवर
हा हातात विडा ठेवतो.

नॉर्मन थ्वेट मात्र निराळे.
उभा जन्म गोदीत क्रेन चालवली,
आता या खोलीची किल्ली सांभाळतात.
पुढच्या गुरुवारचं नाव फळ्यावर खडूने लिहितात,
स्पेलिंग चुकलं की तळहाताने पुसतात,
तोच हात मग बिस्किटांच्या डब्यात.
पण शेवटचं गाणं संपून पडदा काळा झाला
तरी दिवा लावत नाहीत लगेच.
मी मोजलंय. अकरा श्वास.
कुणी खोकतसुद्धा नाही. कॅलमही नाही.
त्या अकरा श्वासांसाठी
प्रयोगशाळेतल्या रक्ताच्या नळ्या आवरून
मी दोन बस बदलून येते.

परवा ती छत्र्या दुरुस्त करणारी मुलगी
फलाटावर उभी होती, हातात मोडकी काडी.
म्हणायला लागली,
मी, तुझ्याबरोबर, त्या गावाला,
आणि खाली पिवळ्या अक्षरांत
इंग्रजीने आधीच उरकून टाकलं
की ती येणार नाही.
खोली हळहळली.
ती बिचारी अजून बोलतच होती.
वाक्य अर्ध्या वाटेवर, गाडी सुटायची होती,
तो मुलगा तिच्या तोंडाकडे बघत
अजून आशेवर होता.
मग आला शेवटचा शब्द:
नाय.
शपथेवर सांगते, नाय. इक्काच नाय.
आमच्या मालवणात म्हणतात तसंच.

माझ्या पाठीतून काहीतरी सरकत गेलं.
मीही फोनवर म्हटलं होतं,
आई, मी यंदा गणपतीला,
आणि पलीकडे ती थांबली होती
शेवटच्या शब्दापर्यंत,
कढईखालचा गॅस बारीक करून.
तिला खाली कुणी पिवळी ओळ दाखवत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी नॉर्मनना म्हटलं,
खालची पट्टी झाकूया? एकच भाग.
ते काही बोलले नाहीत.
जुनं वर्तमानपत्र फाडून चिकटवलं,
वाकडंच, आवक-जावक बोटींचं पान.
चार जण उठून गेले.
कॅलम धुसफुसला, पण बसला.

निम्मं कळलंच नाही.
पाऊण म्हणा.
मधेच मी त्याला विचारलं,
वाक्य संपलं तरी ही मागे
छोटंसं 'ने' कशाला लावते?
"त्याला अर्थ नाही," तो म्हणाला,
"भाषांतरात ते गाळतात."
आमच्यात आहे, म्हटलं. आम्ही 'ना' म्हणतो.
अर्थ नसतो. समोरचा माणूस असतो.

कॅलमकडे उत्तर नव्हतं.
त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली
तर ती डुगडुगली,
म्हणजे आज ती त्याच्या वाट्याला होती.

खाली यंत्र थांबल्याची घंटी वाजली.
थर्मासमध्ये दोन कप उरले होते.
मी मराठीतच विचारलं,
चहा, घेणार,
तो वाट बघत राहिला.