अर्थिंग

प्लगला तीन पाय, वरचा जाड.
आमच्या भिंतीत दोनच भोकं.
सोळाव्या वर्षी मी तो तिसरा पाय पकडीनं मोडला,
लाखांदूरच्या आठवडी बाजारातून आणलेल्या
जुन्या अॅम्पचा.
तो कशासाठी असतो, कोणी सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही. तेव्हा मी
कोणालाच काही विचारत नव्हतो.

लंजे शेठची राईसमिल सकाळी आठला सुरू व्हायची
आणि गावभर एकच सूर.
बाबांची पेटी काळी दोनची.
मिल कुठल्याच पट्टीत बसायची नाही,
काळी-पांढरीच्या मधल्या फटीत गुरगुरायची.
मी गिटार मिलवर लावली.
घरात आमचं जुळलं नाही त्याचं हे एक कारण.
बाकीची सांगत बसत नाही.

एक सांगतो.
मिलच्या हापिसातला जळका पंखा उसवून
मी तांब्याची तार आणली, पिकअप गुंडाळायला.
कंदिलापाशी वेढे मोजत होतो,
अठराशे बारावर पोलीस पाटील दारात.
बाबा नऊ रात्री मिलमधल्या देवीपुढे
फुकट वाजवत बसले, भरपाई म्हणून.
दहाव्या दिवशी मला मारलं.
डाव्या हातानं, भात्याच्या.
उजवा जपून ठेवला.

मंडईच्या दिवसांत नाटकाचा ट्रक आला
आणि मी मागच्या फाळक्यावरून चढलो.
दोन हंगाम ऑक्टोपॅडवर विजा पाडल्या,
पिस्तुलं झाडली, सासू पडली की झांज.
पहाटे चारला पडदा, मग मोहाची,
मग कोणाशी तरी मारामारी.
वडसा ठाण्यात एक रात्र बसवलं.
हवालदार म्हणाला, "बाप काय करते बे तुया?"
"पेटी वाजवते."
"अन् तू?"
मले सांगता नाही आलं.

मग आम्ही तिघं. ड्रमवर टिकेश, बेसवर हेमराज.
शंकरपटाच्या मैदानात पहिला कार्यक्रम.
पहिल्याच गाण्याला बैल बिथरले,
पटवाल्यांनी आयमाय काढली,
आम्हाला तो सत्कार वाटला.
तणसावर दव. हेमराज अनवाणी.
ओठ माईकला टेकले
आणि आवाज आला नाही.
ओठ सुटले नाहीत.
कोणीतरी बांबूनं वायर झोडपली.

वाचला.
खालच्या ओठावर माईकची जाळी उमटली,
डाव्या हाताची दोन बोटं मिटली ती मिटलीच.
दवाखान्यात विचारलं त्यानं,
"दुसरं गाणं कोणतं होतं बे?"
मी मोडक्या पायाचं बोललो नाही.
सहा वर्षं बोललो नाही.
नागपूर, पुणे, पोस्टरवर माझे केस,
लोक म्हणायचे, याच्या आवाजात आग आहे.
मी घरी येऊन बोर्डाचे बटण लाकडी काडीनं दाबायचो.

शेवटी साकोलीला गेलो, त्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर.
सगळं सांगितलं, एका दमात.
सोल्डरिंगचा धूर फुंकत तो म्हणाला,
"ठाऊक हाये.
पकड कोणाची होती? मीच तं देल्ली तुले."
आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "बॅटरी गेली हाये, काका."

आज गावात कार्यक्रम.
समाजमंदिरामागे दुपारपासून खड्डा खणतोय.
मंडपवाला हसतो : एवढा मोठा कलाकार,
अन् हातात सब्बल.
कमरेएवढा झाला. तांब्याची पट्टी, कोळसा, जाडं मीठ,
एकावर एक थर.
तारांवर हात ठेवला की माझी गिटार गप्प होते,
उचलला की गुणगुणते. एवढ्या वर्षांत
तिच्याबद्दल मला नक्की कळलेलं एवढंच.

बाबा काठी टेकत आले. खड्ड्यात वाकून बघितलं,
कायले खणतेस, विचारलं नाही.
"मिल तं तीन सालापासून बंद हाये," म्हणाले,
"लावतेस कशावर आता?"

मी मातीच ओढत राहिलो.
"तेवढी बादली ओता," म्हटलं,
"मीठ कोरडं राहिलं
तर खाली काही उतरत नाही."
त्यांनी काठी भिंतीला लावली
आणि बादली उचलली. उजव्या हातानं.