साडेतीन बार

वडगावात, विष्णू गल्लीच्या मागच्या शेडमध्ये
चार माग होते, आता एक आहे.
उरलेल्या तिघांच्या जागेत माझी एस्टीम,
सत्त्याण्णवची, गोकाकच्या एका डॉक्टरांची,
मागच्या सीटला टिंक्चरचा वास अजून येतो.

मागाचा खड्डा कामाचा निघाला.
विणणाऱ्याचे पाय जिथं लोंबायचे
तिथं मी कमरेपर्यंत उतरते
आणि गाडीचं पोट बघते.

गेल्या जानेवारीत निपाणीला, दुसऱ्या वळणावर,
रबराची जुनी नळी फुटली.
बॉनेटच्या फटीतून काहीतरी झळाळलं,
मला वाटलं ऊन आहे.
ऊन नव्हतं.
भुवई परत आली. डावी. जरा विरळ.

म्हणून ही स्टीलच्या जाळीची नळी, पाच फूट,
कोइमतूरहून कुरिअरनं आलेली,
आणि दोन टोकांना लाल-निळी फिटिंगं
ज्यांची किंमत मी घरी निम्मी सांगितली.

दिवसभर उद्यमबागेत मी मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजते
दुसऱ्यांच्या पंपांचा, दुसऱ्यांच्या व्हॉल्व्हचा,
आणि रात्री घरच्या वायसमध्ये
पहिलाच काप चुकतो.
जाळी सुटते, एकेक तार उभी राहते
चिडलेल्या साळिंदरासारखी,
सॉकेटात शिरायचं नाव नाही.
दुसरा काप. तेच.
पाच फुटांचे चार फूट आठ इंच झाले,
बोटांना अकरा भोकं.

ईरण्णा माग थांबवतो.
तो कानडीत विचारतो, मी मराठीत सांगते,
मी बोलायला लागल्यापासून आमचं असंच चाललंय.
नळी उजेडाला धरून तो बघत राहतो
कुठली तार कुठल्या तारेखालून जाते.
"नेय्गी," स्वतःशीच म्हणतो. विणलंय हे.
मग माझ्यावर खेकसतो, मराठीत:
"टोक बांधल्याबिगर कापतंय काय गं कोण?"

ताण्याचं उरलेलं सूत, त्याला मेण,
कापायच्या जागी वीस वेढे, अंगाला अंग लावून,
गाठ दातानं ओढलेली.
वेढ्यांच्या बरोबर मधून मी करवत चालवते,
इंचाला बत्तीस दाती, नवं पातं.
"सावकाश," तो म्हणतो.
हा शब्द त्याचा की माझा,
विचारायची गरज पडत नाही.

टोक सपाट निघालं. चार आण्याच्या नाण्यासारखं.

पुढचं मला येतं.
सॉकेट चढवायचं, आतल्या चंचूला तेलाचा थेंब,
नळी जिथवर आत गेली तिथं पेनची खूण,
कारण आटे आवळताना ती गुपचूप मागं सरते
आणि बाहेरून काही कळत नाही.
(माणसंही, असं लिहिणार होते. राहू दे.)
पाना. पाव फेरा. श्वास. पाव फेरा.
खूण हलली नाही.

सकाळी दावलसाबच्या पंक्चरच्या दुकानात
एक टोक बंद, एक कॉम्प्रेसरला,
नळी त्याच्या गढूळ टबात.
लागतात साडेतीन बार, दिले सात.
एक बुडबुडा वर आला.
तिघं वाकलो. ईरण्णा चहाच्या निमित्तानं आलाच होता.
जाळीत अडकलेली हवा होती, तेवढीच.
दुसरा आला नाही.
दावलसाबनं दहा रुपये घेतले
आणि विचारलं, गाडीचं हाय का विमानाचं?

आता चावी ईरण्णाच्या नातीकडे.
चैत्रा, पहिल्या खुणेपर्यंतच हां, स्टार्ट नाही करायची.
पंप दोन सेकंद गुणगुणतो, थांबतो.
मी खड्ड्यात, जोडाखाली कालचा पेपर धरून.
पेपर कोरडा.
परत, म्हणते. परत गुणगुण.
कोरडा.
नाक लावून बघते, शाईचा वास.

पलीकडे धोटा सुरू झाला होता, तो अडतो.
ईरण्णा अंगठा दिव्यापुढं धरून उभा:
तार मोडून आत राहिलीय रात्रीची,
डोळे तुझे चांगले हाईत,
ये वर, चिमटा घेऊन.