किती दिवस ठेवायचं

शिडीवरून खाली न बघताच तन्वीरने विचारलं,
"काकू, किती दिवस ठेवायचं?"
तोंडात दोन स्क्रू होते,
प्रश्न जरा चावूनच आला.

किती दिवस.
बेलापूरच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं
मी हेच तर बघत होते.
अ वर्ग कायम. ब वर्ग तीस वर्षं.
क वर्ग दहा. ड वर्ग वर्षभर, मग रद्दी.
लाल फडक्यात बांधायचं, गाठ मारायची,
वाळवीच्या आधी पोचायचं.
पण नेरूळचा हा जिना,
सामंतांच्या चपला, कुरिअरवाला,
दुपारी येऊन दाराला पाठ घासणारी मांजर,
हे कुठल्या वर्गात?

"क्लाउडला सात दिवसांचे एकोणऐंशी,
तीस दिवसांचे एकशे नव्व्याण्णव, दर महिन्याला.
नाही भरलेत तर सगळं जातं.
कार्डाला एकदाच पैसे.
चौसष्टमध्ये अकरा दिवस बसतात.
बाराव्या दिवशी पहिला पुसून
त्याच्यावरच लिहितं."

ऋजुताचा आइंडहोवनहून फोन.
"आई, तीस दिवसांचं घे, मी भरते.
लॉगिन तेवढं मला दे."
म्हणजे मी गाऊनवर दुधाची पिशवी घ्यायला वाकते
ते तिच्या मोबाईलवर,
आणि वर कुठल्याशा ढगात महिनाभर.
मी कार्ड घेतलं.

सुगंधा तुर्भे स्टोअरवरून येते, सव्वासातला.
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर
दुधाचे खाडे निळ्या शाईत, तिचे लाल.
चोवीसला तिने पोराच्या फीसाठी उचल मागितली,
मी हिशेब मांडला.
"ताई, चौदाला मी आलेवते."
नव्हती आलीस.
कॅलेंडर दाखवलं.
ती त्या लाल फुलीकडे बघत राहिली,
फाईल सापडत नाही म्हटल्यावर
माणसं माझ्या खिडकीशी बघायची तशी.
मग दाराबाहेर जाऊन वर बोट केलं.
"त्याला विचारा की."

चष्मा लावला. बोटाने दिवस मागे सरकवत गेले.
तेवीस, एकोणीस, पंधरा.
चौदा. सात सतरा.
हातात पिशवी. बेल. थांबली. परत बेल.
दाराला कान लावला.
(चौदाला मला ताप. गोळी घेऊन
मी आत मेल्यासारखी झोपलेली.)
पायरीवर बसली, नऊ मिनिटं.
उठून जाताना
माझं पायपुसणं झटकून सरळ केलं.

पगार महिन्याचा,
आठवण अकरा दिवसांची.
उद्या याच वेळी यावर
दुसरंच कुणी जिना चढलं असतं
आणि माझी लाल शाई खरी ठरली असती.
मुदत संपली म्हणून
किती गठ्ठे मी खाली पाठवले,
कुणाकुणाच्या चौदा तारखा
त्यात बांधलेल्या होत्या कुणास ठाऊक.
गाठी मात्र माझ्या पक्क्या असायच्या,
साहेब कौतुक करायचे.

तन्वीरला फोन लावला. मोठं कार्ड आण,
महिना पुरून उरेल असं.
"दोनशे छप्पन टाकतो, चाळीसेक दिवस.
नाहीतर काकू, हालचाल असेल तेवढंच ठेवू?
जागा वाचेल."
नको रे.
पायरीवर बसलेलं माणूस हलत नाही.

फुलीवर पांढरं लावायला घेतलं,
मग नकोसं वाटलं.
आडवी रेघ मारली, शेजारी सही, तारीख,
खाडाखोडीवर करतात तशी.
सुगंधाने विचारलं, हे काय?
म्हटलं, माझी चूक. राहू दे तिथे.

आता ती बेलच्या आधी मान वर करते.
"पंचवीस. आले हां," म्हणते,
आणि मगच चप्पल काढते.