वारा सुटला तर

पोर्वेनीरच्या वाचनालयात सहा संगणक,
पाचव्याची स्पेसबार अडते.
तिथेच बसतो बाल्दोमेरो, वय एकोणसाठ,
धक्क्यावर तिकिटं फाडणारा,
एका बोटाने टाइप करत
बोटीचं वेळापत्रक.

यास्ना सांगते, जो टॅग उघडाल तो मिटा.
तो मान डोलावतो. विसरतो.

मंगळवारच्या दुसऱ्या फेरीपासून
खाली सगळंच तिरकं:
आकडे, वार, मेंढ्यांच्या ट्रकचं भाडं,
तळाशी त्याचं नावसुद्धा.
तो खिडकीबाहेर बघतो.
झाडं तशीच,
जन्मापासून पूर्वेकडे कललेली.
‘इथलंच दिसतंय पान,’ म्हणतो.

एक तिरकी रेघ राहिली होती, बस्स.
ती घातली
आणि अक्षरं उठून ताठ उभी राहिली,
मास्तर वर्गात आल्यासारखी.

रंगाला मात्र दोन संध्याकाळी गेल्या.
सामुद्रधुनीचा करडा
सहा आकड्यांत मावेना;
दर वेळी थोडा जास्तच शहाणा दिसायचा.
शेवटी यास्नाच म्हणाली, पुरे आता,
मला कुलूप लावायचंय.

जाता जाता
तळाची एक ओळ त्याने पुन्हा तिरकी केली,
मुद्दाम, नीट उघडून, नीट मिटून:

वारा सुटला तर बोट नाही.